आधी रस्ता ठरवा, सायकल त्यानंतर

कांदिवली पश्चिमेतल्या चारकोपच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. थोडक्यात असं:

«सांगलीहून नोकरीसाठी मुंबईत आले. म्हाडाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते, लिफ्ट नाही. ऑफिस अंधेरी पश्चिमेला, वीरा देसाई रोडवर. कॉलेजपर्यंत रोज सायकल चालवायचे, पण इथला ट्रॅफिक बघून धडकी भरते. आठवड्यातून दोन-तीन दिवस ऑफिसला सायकलने जायचं आहे आणि रविवारी जरा लांब. उंची पाच फूट तीन इंच, बजेट वीस हजार. दुकानदार म्हणतो, मुंबईच्या खड्ड्यांना जाड टायरची, पुढे-मागे शॉकअप असलेलीच घ्या. कुठली घेऊ? आणि चालवू कुठे?»

नमस्कार.

तुम्ही सायकल आधी विचारलीत आणि रस्ता नंतर. आपण क्रम उलटा करू. कुठल्या रस्त्यावरून, किती वाजता जायचं आणि रात्री सायकल कुठे ठेवायची, एवढं ठरलं की टायर किती रुंद, वजन किती आणि ब्रेक कुठले हे जवळजवळ आपोआप ठरतं. दुकानदाराने तुम्हाला यातलं काहीच विचारलेलं दिसत नाही, म्हणून त्याचा सल्ला तूर्त बाजूला ठेवा.

एका बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे. घर आणि ऑफिस दोन्ही पश्चिमेला, म्हणजे रेल्वे ओलांडायची नाही. मुंबईत उत्तर-दक्षिण जायला रस्ते पुष्कळ आहेत, पूर्व-पश्चिम जायला मोजकेच पूल आणि सबवे. पुलांवर गाड्या वेगात असतात आणि चढावर सायकलचा वेग नेमका तिथेच कमी होतो. सबवेचं दुखणं पावसाळ्यात कळतं. अंधेरी सबवे दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो. ज्यांना रोज पूर्व-पश्चिम करायचं असतं, त्यांचा निम्मा प्रश्न तिथेच अडतो. तुमचा तो नाही.

चारकोपहून अंधेरीला साधारण ११-१२ किलोमीटर होतील. दक्षिणेकडे जाणारे मोठे रस्ते तीन. पश्चिम द्रुतगती महामार्ग सोडून द्या. तो तुमच्या वाटेवरही नाही आणि नवख्याने गर्दीच्या वेळी तिथे जाण्यात काही अर्थ नाही. एस. व्ही. रोडवर वेग कमी असतो, पण स्टेशनला जाणारे रिक्षावाले, डाव्या कडेला उभ्या गाड्या आणि दुकानांसमोरचे टेम्पो यांमुळे दर पन्नास मीटरला पाय टेकावा लागतो. राहिला लिंक रोड. तो रुंद आहे, सिग्नल नियमित आहेत आणि डोक्यावरून मेट्रो जाते. मेट्रोचा तुम्हाला मोठा उपयोग होणार आहे, तो पुढे सांगतो. लिंक रोडवर सांभाळायच्या जागा म्हणजे मार्वेकडे वळणाऱ्या गाड्यांचं मिठ चौकीचं जंक्शन, मालाडला इनऑर्बिट-माइंडस्पेसचा पट्टा आणि ओशिवरा. सकाळी साडेसातच्या आत हे तिन्ही पार केलेत तर रस्ता खूपच सुसह्य असतो. नऊनंतर तोच रस्ता ओळखू येत नाही.

पूर्ण वाट लिंक रोडनेच काढायला हवी असंही नाही. सोसायट्यांमधून जाणारे समांतर आतले रस्ते जोडत गेलं तर बराचसा भाग शांततेत जातो. ते शोधायला सर्वात भरवशाचा माणूस म्हणजे तुमचा पाववाला. पहाटे पाव, दूध, पेपर टाकणारे आणि दुपारी डबेवाले रोज लादलेली सायकल हाकतात. कुठली गल्ली आरपार जाते, कुठल्या गेटातून सायकल सोडतात, कुठे गतिरोधक इतके उंच की डबे आपटतात, हे त्यांना पाठ असतं. दोन सकाळी खाली उतरून नुसतं बघा, एकदोघांना विचारा.

मग नकाशाकडे वळा. गुगल मॅप्सचा टू-व्हीलरचा पर्याय मोटरसायकलसाठी आहे. तो तुम्हाला बिनधास्त उड्डाणपुलावर घालेल. पायी चालण्याचा पर्याय निवडा, म्हणजे आतल्या गल्ल्या दिसतात. पायऱ्या आणि पादचारी पूल मात्र त्यातून तुम्हालाच वगळावे लागतील. २०२२पासून मुंबईत स्ट्रीट व्ह्यू आहे. त्यात गल्लीचा फोटो उघडून पाहा: काँक्रीट आहे की डांबर, कडेला पेव्हर ब्लॉक आहेत का, दोन्ही बाजूंना पार्किंग आहे का. स्ट्राव्हा या सायकलफेऱ्या नोंदवणाऱ्या ॲपच्या हीटमॅपवर, म्हणजे वर्दळीप्रमाणे रेषा जाड दाखवणाऱ्या नकाशावर, इतर सायकलवाले कुठून जातात तेही कळतं, पण तिथल्या जाड रेषा बहुतेक रविवार पहाटेच्या असतात. मंगळवारी सकाळी नऊला तो रस्ता कसा असेल हे ती रेषा सांगत नाही.

प्रत्यक्ष पाहणी दोन टप्प्यांत करा. पहिल्या रविवारी सव्वासहाच्या सुमाराला निघा (डिसेंबर-जानेवारीत सातला, कारण तोवर उजाडत नाही) आणि सावकाश ऑफिसपर्यंत जा. प्रत्येक जंक्शनला थांबून बघा: डावीकडे वळणाऱ्या गाड्यांना सिग्नल आहे की त्या सरळ घुसतात, बस कुठे थांबते, पंक्चरवाला कुठे बसतो. येताना मेट्रो. दहिसर-अंधेरी पश्चिम ही २ए मार्गिका आणि दहिसर-गुंदवली ही ७ क्रमांकाची, या दोन्हींच्या गाड्यांत सायकल ठेवायची सोय केलेली आहे. अंधेरी पश्चिमला चढा, कांदिवली पश्चिम किंवा दहाणूकरवाडीला उतरा. स्टेशनात सरकत्या जिन्याने नव्हे, लिफ्टने जा. गर्दीच्या वेळी डब्यात शिरणं अवघड, हे गृहीत धरा.

दुसऱ्या टप्प्यात कामाच्या दिवशी, ठरलेल्या वेळेला, पण फक्त जायचं. संध्याकाळी पुन्हा मेट्रो, आणि मेट्रो भरून वाहत असेल तर सायकल ऑफिसात राहू द्या. सकाळची वाट जमली म्हणजे संध्याकाळची जमेलच असं नाही. सात वाजता रिक्षा, दुचाकी आणि थकवा तिन्ही एकदम अंगावर येतात. पंधरा दिवस फक्त सकाळची फेरी करा. वेळ पहिल्या महिन्यात ५५ मिनिटं धरा. ताशी १५ किलोमीटरच्या सरासरीने पाऊण तास होतो, उरलेला सिग्नलमध्ये जातो.

चालवताना तीन सवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्या. पहिली, रस्त्याच्या अगदी कडेला चिकटू नका. कडेला गटाराच्या जाळ्या, पेव्हर ब्लॉक आणि उघडणारे दरवाजे असतात. उभ्या गाड्यांपासून हातभर, खरं तर मीटरभर अंतर ठेवा. मागचा हॉर्न वाजवील, वाजवू दे. कडेकडेने गेलात तर तो त्याच लेनमधून तुमच्या अंगाला घासून पुढे जायला बघतो. दुसरी, बेस्टची बस आणि फूटपाथ यांच्यामध्ये कधीही शिरू नका. बस थांबली तर मागे थांबा. तिचा ड्रायव्हर डावीकडच्या आरशात गर्दीतून धावत येणारे प्रवासी बघत असतो, तुम्हाला नाही. तिसरी, उजवं वळण दोन टप्प्यांत घ्या. चारकोपहून लिंक रोडला लागताना आणि संध्याकाळी वीरा देसाईहून बाहेर पडताना तुम्हाला उजवीकडे जायचं आहे. मधल्या लेनमध्ये घुसायची गरज नाही. डावीकडूनच सरळ पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत जा, सायकल वळवून तिथल्या सिग्नलला उभ्या राहा, तो हिरवा झाला की निघा. अर्धं मिनिट जास्त लागतं, पण सगळ्यात धोक्याची हालचाल टळते.

रविवारसाठी तुम्ही मुंबईतल्या फार चांगल्या कोपऱ्यात राहता. चारकोपहून मार्वे रोडने मालवणी ओलांडून मार्वे जेट्टी गाठा, फेरीबोटीत सायकल घालून मनोरीला उतरा, तिथून गोराई गाव. येताना गोराई जेट्टीवरून बोट धरून बोरिवलीच्या बाजूला या, म्हणजे चारकोप हाकेच्या अंतरावर. सगळं मिळून वीस-पंचवीस किलोमीटरचं वर्तुळ होतं. त्यातला मनोरी-गोराईचा पट्टा झाडीचा आणि सकाळी शांत असतो. बोटीचं तिकीट, सायकलचं वेगळं भाडं, सुटे पैसे जवळ ठेवा. बोटीत चढताना सायकल उचलावी लागते आणि फळी ओली असते. डावा हात हँडलला, उजवा सीटखाली, आणि सायकल बोटीच्या बाजूला, तुम्ही तिच्या मागे. घरी आल्यावर चेन लगेच पुसा, खाडीच्या खाऱ्या पाण्याचे थेंब दोन दिवसांत गंज धरतात. दम वाढला की गोराईहून पुढे उत्तनला जा. केशवसृष्टीच्या बाजूला छोटा पण खरा चढ आहे. तिथून भाईंदर स्टेशन गाठून लोकलने परतता येतं. सायकल लगेजच्या डब्यातून, लगेजचं तिकीट काढून. रविवारी सकाळी ते जमतं, कामाच्या दिवशी नाही.

चढाची सवय करायला बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आहे. मुख्य दरवाजापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर, सावलीचा रस्ता, शेवटचा टप्पा चढाचा. सोमवारी उद्यान बंद असतं. आत भाड्याने सायकली मिळतात. स्वतःची न्यायची असेल तर तिकीट खिडकीवर त्या दिवसाचा नियम विचारा. खरं तर पहिल्यांदा भाड्याचीच घ्या. विकत घेण्याआधी वेगवेगळ्या मापांच्या सायकलींवर बसून बघायची ती स्वस्तातली संधी आहे. आरे कॉलनीचा रस्ता सुंदर आहे, पण तिथे बिबट्यांचा वावर आहे. अंधारात आणि एकट्याने जाऊ नका, नीट उजाडल्यावर जा.

दक्षिण मुंबईसाठी रविवारी पहाटेची लोकल पकडून चर्चगेटला उतरा. मरीन ड्राइव्ह साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे, तिथून वाळकेश्वरचा चढ, केम्प्स कॉर्नर, हाजी अली, वरळी सी फेस. आठच्या आत आटपायला हवं. सायकलला बंदी असलेले रस्ते मात्र आधीच डोक्यात पक्के करा: वांद्रे-वरळी सागरी सेतू, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग. हाजी अली आणि वरळीपाशी चुकीच्या लेनला लागलात तर थेट कोस्टल रोडच्या तोंडाशी जाल, तेव्हा पाट्या बघत चला.

आता सायकल.

दुकानदाराने दाखवलेली चार इंच टायरची सायकल वाळू आणि चिखलासाठी बनलेली असते. तिचं वजन १७ ते २० किलो. तुम्हाला ती तीन जिने चढवायची आहे, आणि डांबरावर तिला पुढे ढकलायला नेहमीच्या टायरपेक्षा बरीच जास्त ताकद लागते. दोन्हीकडच्या शॉकअपचं दुखणं वेगळं. या किमतीतल्या मागच्या शॉकअपमध्ये तुमच्या प्रत्येक पॅडलची थोडी ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते आणि जिथे फ्रेम हलते त्या सांध्यांच्या बुशिंगमध्ये एका पावसाळ्यात खेळ येतो. मग सायकल मागून वळवळते. पुढचा स्वस्त शॉकअप एकटाच दोन-अडीच किलोचा असतो, त्याच्या नळ्या दमट हवेत गंजतात आणि तो गच्च बसला की नुसतं वजन उरतं. खड्ड्याचा धक्का हवेने भरलेला पुरेसा रुंद टायर चांगला घेतो. त्यासाठी चार इंच लागत नाहीत, दीड इंच पुरतो.

बारीक टायरची रेसिंग सायकलही नको. काँक्रीटचा रस्ता आणि कडेचा पेव्हर ब्लॉक यांच्यामध्ये लांबच लांब फट असते, उड्डाणपुलांच्या सांध्यांना फटी असतात, आणि गटाराच्या काही जाळ्यांच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने असतात. २५ मिलिमीटरचं चाक त्यात अडकलं की माणूस हँडलवरून पुढे जातो. तुम्हाला हवी ती हायब्रिड: सरळ हँडल, पुढे शॉकअप नसलेला साधा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), ॲल्युमिनियमची फ्रेम, ७००सी मापाची मोठी चाकं आणि ३५ ते ४० मिलिमीटरचे टायर. वजन १२ ते १४ किलोपर्यंत. टायरच्या बाजूला ७००×३८सी किंवा ४०-६२२ असं छापलेलं असतं. ७००×३८सीमध्ये दुसरा आकडा रुंदीचा, ४०-६२२मध्ये पहिला. रुंदी ३२पेक्षा कमी असेल तर दुकानात विचारा की या फ्रेममध्ये मडगार्ड लावून ३८चा टायर बसेल का. बसत नसेल तर ती सायकल सोडा.

जिन्याचा विचार करता घडीच्या सायकलचा मोह होईल. मेट्रो आणि लोकलमध्ये ती सोयीची हे खरं. पण तिची वीस इंची चाकं खड्ड्यात खोल उतरतात आणि रविवारच्या लांब फेरीला ती थकवते. रोजच्या अकरा किलोमीटरला आमचं मत हायब्रिडलाच.

माप. इथे घाई करू नका, कारण चुकीच्या मापाची सायकल कितीही महाग असली तरी दोन महिन्यांत कोपऱ्यात जाते. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, पायांच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचं पुस्तक सीटसारखं वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. तुमच्या उंचीला हे माप ७३-७५ सेंटिमीटर येईल. त्याला ०.८८३ने गुणा, ७४ असेल तर ६५.३. क्रँकच्या (पॅडल ज्याला जोडलेलं असतं त्या दांड्याच्या) मधल्या बोल्टपासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, सीटच्या नळीच्या रेषेत, एवढं अंतर असावं. दुकानात पटकन तपासायचं तर सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा: पॅडल सर्वात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, कंबर एका बाजूला झुकता कामा नये. मग चालवताना चवडा पॅडलवर आला की गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. सांगलीत आपण सगळेच दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली ठेवून चालवायचो; ११ किलोमीटरला तशी ठेवलीत तर गुडघ्याची वाटी पुढून दुखू लागेल. सिग्नलला सीटवरून पुढे उतरून उभं राहायचं, ही सवय आठवड्यात लागते.

फ्रेम बहुधा स्मॉल लागेल. आडवा दांडा दोन्ही पायांमध्ये घेऊन जमिनीवर उभ्या राहिल्यावर मध्ये अडीच ते पाच सेंटिमीटर जागा उरावी. हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं असावं, हात ताठ होत असतील तर फ्रेम लांब आहे. «मीडियमच शिल्लक आहे, सीट खाली करून देतो» हे ऐकलंत तर दुकानातून बाहेर पडा. सीट खाली जाते, हँडल जवळ येत नाही.

गिअर हवेत, पण एकवीस असण्यात काही विशेष नाही. तुमची वाट सपाट आहे, मागे सात किंवा आठ आणि पुढे एक किंवा दोन दातेरी चकत्या भरपूर झाल्या. कान्हेरी आणि उत्तनच्या चढासाठी एकच गोष्ट तपासा: पुढच्या सर्वात लहान चकतीचे आणि मागच्या सर्वात मोठ्या चकतीचे दात मोजा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले, उदाहरणार्थ ३६ आणि ३४ किंवा २८ आणि २८, तर चढ बसून चढता येईल. पुढे ४४ आणि मागे २८ असेल तर उतरून ढकलावी लागेल. शिमानो कंपनीच्या गिअरच्या साध्या भागांमध्ये टूर्नी सर्वात खालचा, त्यावर अल्टस, त्यावर असेरा. तुमच्या बजेटमध्ये टूर्नी किंवा अल्टस येईल आणि नीट सेट केलेला असेल तर तो पुरतो.

ब्रेक डिस्कचे घ्यावेत, तारेवर चालणारे. पावसात रिमवर घासणाऱ्या रबरांना पकड यायला चाकाचे एकदोन फेरे जातात आणि रस्त्यावरची रेती रिमच घासून टाकते. डिस्कला तो त्रास नाही. फक्त सायकल जिन्यात टेकवताना डिस्कवर भार देऊ नका. ती किंचित वाकली तरी दर फेऱ्याला खर्रर्र वाजत राहते. हायड्रॉलिक ब्रेक जास्त चांगले, पण त्यातलं तेल बदलून देणारा मेकॅनिक कोपऱ्यावर सापडत नाही. ट्यूबचा व्हॉल्व मोटरसायकलसारखा जाड, म्हणजे श्रेडर, असेल तर पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. बारीक प्रेस्टा असेल तर वीस-तीस रुपयांचा पितळी अडॅप्टर बॅगेत कायम हवा. पेट्रोल पंपावर मात्र जपून. तिथली हवा कारच्या टायरसाठी असते, सायकलची ट्यूब काही सेकंदांत फाटते.

पैशांची वाटणी अशी करा: सायकल पंधरा हजारांच्या आत, उरलेले पाच हजार बाकीच्या सामानाला. हेल्मेट, पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा, यू आकाराचं कुलूप, दोन्ही मडगार्ड, मागचं कॅरिअर, प्रेशर दाखवणारा हातपंप, एक ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिमवरून काढायच्या पट्ट्या), पॅच आणि ४, ५, ६ नंबरच्या ॲलन की (षटकोनी चाव्या). मडगार्ड पूर्ण लांबीचे घ्या, सीटखाली लटकणारा अर्धवट तुकडा पाठ वाचवत नाही. बॅग पाठीवर नको, कॅरिअरला बाजूने अडकवायची घ्या. मुंबईच्या दमट हवेत पाठीवरची बॅग म्हणजे ऑफिसला पोचताच पहिला शर्ट बदलणं.

जुनी चांगल्या स्थितीतली मिळाली तर याच पैशांत वरच्या दर्जाची येते. बिल बघा, क्रँकच्या खाली कोरलेला फ्रेम नंबर बिलाशी ताडून पाहा. चाकं उचलून फिरवा. रिम डावी-उजवीकडे हलत असेल तर चाक आऊट आहे, ते सुधारता येतं. क्रँक हाताने बाजूला हलवून बघा, खेळ असेल तर बेअरिंग गेलंय. चेनवर स्टीलची पट्टी धरा. नवीन चेनच्या बारा पूर्ण कड्या, पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत, बरोबर १२ इंच म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरतात. ३०६.३च्या पुढे गेली असेल तर चेन बदलावी लागेल, ३०७.८ झाली असेल तर तिने मागच्या चकत्यांचे दातही खाल्लेले असतात, तो खर्च किमतीतून वजा करा. फ्रेमच्या जोडांपाशी रंगाला बारीक चीर दिसली तर घेऊ नका.

हवेचा दाब दर रविवारी तपासा. ३८च्या टायरला तुमच्या वजनानुसार पुढे ४५ ते ५० आणि मागे ५० ते ५५ पीएसआय (पंपावर दिसणारं दाबाचं एकक) पुरे. कमी असेल तर खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. एकच भोक असेल तर टोचणारी वस्तू अजून टायरमध्येच आहे असं समजा. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा; जिथे धागे अडकतील तिथे काच किंवा ट्रकच्या टायरमधली केसासारखी बारीक तार सापडेल. ती न काढता नवी ट्यूब घातलीत तर शंभर मीटरवर पुन्हा खाली बसाल.

पावसाळ्यात इथे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पहिल्या दोन-तीन सरींत रस्त्यावरचं तेल वर येतं, तेव्हा सायकल घरी राहू द्या. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि मेट्रोच्या कामाचे पत्रे ओले असताना त्यांवर ब्रेक लावू नका, वळूही नका. साचलेल्या पाण्यातून कधीच जाऊ नका. खाली मॅनहोल उघडं असू शकतं. घरी आल्यावर चेन कोरड्या फडक्याने पुसा आणि पावसाळी चेन ऑइलचा एका कडीला एक थेंब, आतल्या बाजूने, पॅडल उलटं फिरवत सोडा. दहा मिनिटांनी बाहेरचं तेल पुसून काढा, कारण वर राहिलेल्या तेलाला रेती चिकटते आणि तीच चेन घासते. शिलाई मशीनचं तेल एका सरीत धुऊन जातं. डब्ल्यूडी-४० गंज सोडवायला आणि पाणी हटवायला चांगलं, पण ते वंगण नव्हे. मारलंच तर पुसून वर तेल द्या. महिन्यातून एकदा सीटची उंची टेपने खूण करून सीट पूर्ण बाहेर काढा आणि सायकल उलटी करा. फ्रेममध्ये साचलेलं पाणी बाहेर येईल. नळीला ग्रीस लावून परत बसवा, नाहीतर ॲल्युमिनियमची नळी आतच चिकटते.

रात्री शक्यतो वरच घ्या. खाली ठेवावीच लागली तर यू-लॉक फ्रेम आणि मागचं चाक दोन्हींतून घालून जिन्याच्या गजाला लावा. पुढचं चाक क्विक रिलीजचं, म्हणजे पान्याशिवाय निघणारं, असेल तर ते काढून वर न्या.

दुकानातून सायकल ताब्यात घेताना तिथेच दोन्ही पॅडल पाहा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. घाईत ते तिरके घुसवले की क्रँकचे आटे खराब होतात आणि महिनाभरात पॅडल गळून पडतं. हँडल पुढच्या चाकाला काटकोनात आहे का, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवल्यावर गळ्यापाशी, म्हणजे हँडलची नळी फ्रेममध्ये शिरते तिथे, खट् वाजतं का, सीटच्या नळीवरची किमान खोलीची रेष आत गेली आहे का, हेही बघा. पहिल्या दोन आठवड्यांत तारा ताणल्या जातात आणि गिअर आपोआप उड्या मारू लागतात. ते बिघडलं असं समजू नका. मोफत सर्व्हिसला नेऊन तारा ताणून घ्या. त्याच वेळी मेकॅनिकला डाव्या क्रँकचा बोल्ट तुमच्यासमोर आवळायला सांगा. नव्या सायकलला पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये तो हमखास सैल होतो. पॅडल मारताना डाव्या पायाखाली टक् असा आवाज आला तर तिथेच उतरा, कारण सैल क्रँकवर तसंच घरापर्यंत चालवलं तर चौकोनी भोक गोल होतं आणि मग पूर्ण क्रँक बदलण्यावाचून इलाज राहत नाही.